रातच्याला पळायचं, तर हातात कुठली बॅटरी?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. शहरात जिला टॉर्च म्हणतात तिला आमच्या अंबाजोगाईकडं बॅटरी म्हणतात, आणि बॅटरीत जो घालतात तो सेल. या लेखात मी हेच शब्द वापरणार आहे. एक तर तोंडात तेच बसलेत, आणि दुसरं म्हणजे खरेदीच्या वेळी फसवाफसवी नेमकी या दोन वस्तूंच्या मधल्या फटीत होते.

मी संभाजीनगरात राहतो आणि डोंगरवाटांनी पळतो. गोगाबाबा टेकडी, सातारा डोंगर, कधी जमलंच तर म्हैसमाळ. मराठवाड्यात हा नाद लागला की अंधाराशी सोयरीक करावीच लागते. मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो आणि आठला मुरूम तापायला लागतो. अडीच तास पळायचं असेल तर साडेतीन-चारला घर सोडावं लागतं, म्हणजे निम्मं पळणं अंधारात. डिसेंबरात ऊन छळत नाही, पण उजाडतंच सातच्या सुमारास आणि नऊला ऑफिसात हजर राहायचं असतं. तेव्हाही अंधार आहेच.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. मोबाईलवर शोधलं, सगळ्यात मोठा आकडा ज्याच्यावर होता ते मागवलं. खोक्यावर लिहिलं होतं १०,००० लुमेन. सोसायटीच्या फाटकात लावून बघितली तर समोरच्या इमारतीचा तिसरा मजला उजळला, वॉचमनकाका म्हणाले, “साहेब, हे तर मोटारीचं हेडलाईट.” सातारा डोंगर चढून वर पोचेपर्यंत, म्हणजे पाऊण तासात, त्या हेडलाईटची समई झाली. उतरताना समईची उदबत्ती झाली. शेवटचा दीड किलोमीटर मोबाईलच्या उजेडात, बोराटीत कपडे अडकवत, चालत उतरलो. उजवा गुडघा एका गोट्यावर आपटला, त्याचा वण अजून आहे.

दुसऱ्या दिवशी बॅटरी उघडली. आतल्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं. गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर ठेवला, भरला ३१ ग्रॅम. सराफाला त्यात काय विशेष ते कळलं नाही, पण मला सगळं कळलं. का ते पुढं येईलच.

ड्रम आणि तोटी

लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. लांब पडो, रुंद पडो, सगळा मिळून किती, एवढंच तो सांगतो. आणि हा उजेड येतो सेलमधून. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत समजतं: सेल म्हणजे पाण्याचा ड्रम, लुमेन म्हणजे त्याची तोटी. ड्रम तोच ठेवून तोटी मोठी सोडली तर पाणी जोरात येतं आणि लवकर संपतं. यातून सुटका नाही. कुठल्याही कंपनीला नाही.

आता ड्रम मोजू. आजच्या चांगल्या हातबॅटऱ्यांत बहुतेक १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता साधारण २६०० ते ३५०० एमएएच असते आणि वजन ४५ ते ४८ ग्रॅम. एवढ्या मापाच्या डब्यात ९९०० एमएएच मावतच नाही. म्हणून सराफाचा काटा. ३१ ग्रॅमचा १८६५० म्हणजे आत सामानच कमी भरलंय. बाहेरचा छापील आकडा नुसता रंग. दुधात पाणी आहे का ते बघायला लॅक्टोमीटर लागतो, सेलमधला खोटेपणा बघायला साधा वजनकाटा पुरतो.

३५०० एमएएच आणि ३.६ व्होल्ट यांचा गुणाकार केला की साडेबारा वॅट-अवर निघतात. ही झाली ड्रममधली खरी ऊर्जा. एका वॅटमागे, सगळी गळती धरून, आजची चांगली बॅटरी साधारण १०० लुमेन देते. म्हणजे आपल्याकडं साडेबाराशे ‘लुमेन-तास’ आहेत. २०० लुमेननं खर्च केले तर सहा तास. १००० लुमेननं खर्च केले तर कागदावर सव्वा तास, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण जोरात चालवलेला एलईडी तापतो आणि तापला की त्याच विजेत कमी उजेड देतो. १०,००० लुमेन? साडेसात मिनिटं. तेही १०० वॅट त्या नळीत मावले तर. त्या वेळी हात भाजेल ते वेगळं.

एवढं एक गणित डोक्यात राहिलं तर दुकानातले निम्मे फलक आपोआप खोटे पडतात. सेलचे एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार, गुणिले शंभर. आलेल्या आकड्याला हव्या त्या लुमेननं भागा, तास निघतात. खोक्यावरचे तास त्याच्या दुप्पट असतील तर शंका घ्या.

खोक्यावरचं खरं बोलणं, तरीही फसवणारं

खोटारड्यांचं सोडा. प्रामाणिक कंपन्यांचे आकडेही जरा उलगडून वाचावे लागतात. अमेरिकेत २००९ साली हातबॅटऱ्या मोजायचं एक प्रमाण ठरलं, त्याला एफएल-१ म्हणतात. खोक्यावर छोट्या चौकटींत चित्रं असतात ना, दिवा, घड्याळ, झोत, थेंब, ती त्याचीच. त्यात उजेड मोजतात तो बॅटरी लावल्यावर अर्ध्या मिनिटानंतर. आणि ‘किती वेळ चालते’ हे मोजतात ते उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत.

हे नीट बघा. ‘१००० लुमेन, ३ तास’ असं लिहिलंय. आपण समजतो तीन तास हजार लुमेन. प्रत्यक्षात असं होऊ शकतं: पहिली दोन मिनिटं हजार, मग बॅटरी तापते म्हणून आतला मेंदू उजेड तीन-चारशेवर आणतो, मग हळूहळू उतरत तीन तासांनी शंभर. शंभर म्हणजे दहा टक्के, मोजणी थांबली. कंपनी खोटं बोललेली नाही. आपण दोन वेगळे आकडे एकाच श्वासात वाचले, एवढंच. महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार आणि तिसाव्या तारखेचा दिवस एकत्र वाचल्यासारखं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा सोडून द्या आणि मधली पायरी बघा. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांना चार-पाच पायऱ्या असतात. आतल्या कागदावर प्रत्येक पायरीचे लुमेन आणि तास वेगळे दिलेले असतात. १५० ते ३०० लुमेनच्या मधली जी पायरी असेल ती किती तास टिकते, तेवढंच तुमच्या कामाचं. तुम्ही पळणार आहात त्याच्या दीडपट ते दुप्पट तास तिथं मिळायला हवेत. सर्वांत वरची पायरी कशाला? आडवं आलेलं कुत्रं, किंवा खालून ‘कोण हाय रं?’ असा आवाज आला तर क्षणभर दाखवायला.

दोनशेच्या आसपासच का, हेही सांगतो. रात्री डोंगरवाटेवर सहा मिनिटांत किलोमीटर म्हणजे जोरात झालं; त्या वेगानं सेकंदाला पावणेतीन मीटर जातो. पुढच्या तीन-चार सेकंदांची जमीन दिसायला हवी, म्हणजे आठ-दहा मीटर. बस. दोनशे मीटरवरचं लिंबाचं झाड दिसून काय करायचं? खोक्यावर ‘झोत १०० मीटर’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ, शंभर मीटरवर पाव लक्स (एका जागी पडलेल्या उजेडाचं माप) उजेड पोचतो. पाव लक्स म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. अंतर दहापट कमी झालं की उजेड शंभरपट होतो, म्हणजे त्याच बॅटरीचा दहा मीटरवर २५ लक्स. रस्त्यावरच्या दिव्याखाली एवढा उजेड असला तर आपण नगरसेवकाचं कौतुक करतो. तेव्हा शंभर मीटरच्या पुढचा झोत आपल्याला नको. नुसता नकोच असं नाही, तो नडतो. लांब पल्ल्याचा झोत अरुंद असतो, पायापुढं ताटलीएवढा प्रखर गोल आणि बाजूला काळोख. डोळा त्या गोलाला बांधला जातो आणि वाटेच्या कडेचं काही दिसत नाही.

देवगिरी किल्ल्यावरच्या अंधारीत शिरलेल्यांना डोळ्याची ही खोड माहीत असेल. बाहेरच्या लख्ख उन्हातून त्या भुयारात पाय टाकला की काही वेळ आपलाच हात दिसत नाही. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो आणि प्रखर उजेडानं ती कमाई क्षणात जाते. हजार लुमेन मारत पळणारा माणूस आपली अंधारी आपल्याबरोबर घेऊन पळतो.

लाटणं घेऊन बघा

आता जे मला कुठल्याही खोक्यावर वाचायला मिळालं नाही ते.

स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या. बॅटरी धरतो तसं मुठीत धरा, एक टोक अंगठ्याच्या बाजूनं वर. आता पळताना असतो तसा कोपर काटकोनात ठेवा, मूठ कमरेच्या वर. लाटण्याचं टोक कुठं आहे? छताकडं. साधी नळीसारखी बॅटरी पळत्या मुठीत धरली की ती चांदण्या मोजते. जमिनीवर उजेड पाडायचा तर मनगट पुढं वाकवून धरावं लागतं, नाहीतर नळी बोटांवर आडवी घेऊन तर्जनी वर ठेवावी लागते, पेन धरल्यासारखी. दहा मिनिटं जमतं. तासाभरानं अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, मग माणूस हात शरीराला चिकटवून एका बाजूनं लंगडल्यासारखा पळू लागतो.

यावर उपाय म्हणजे काटकोनी बॅटरी. दांडा मुठीत उभा आणि डोकं वळवलेलं, की उजेड अंगठ्याच्या वरून सरळ पुढं. इंग्रजी एल अक्षरासारखी दिसते. डोक्याला पट्ट्यानं लावायच्या कितीतरी बॅटऱ्या मुळात याच घाटाच्या असतात. पट्ट्यातून काढल्या की हातात धरता येतात. खास पळणाऱ्यांसाठी, तळहातावर पट्ट्यानं बसणाऱ्या बॅटऱ्याही निघतात, त्यात उजेड बोटांच्या पेरांसमोर पडतो. माझ्या मते पळण्यासाठी हातबॅटरी घ्यायची तर या दोनांपैकीच घ्यावी. सरळ नळी आधीपासून घरात असेल तर पेन-पकड शिका, नवी घेताना मात्र लाटणं आठवा.

वजनाचं गणितही मुठीतच आहे. पळताना एक हात मिनिटाला साधारण ८५ वेळा पुढंमागं होतो, तासाला पाच हजारांवर. दोनशे ग्रॅमची बॅटरी दुकानात हलकी वाटते, पाच हजार झोक्यांनंतर ती पावशेराची न राहता पाच शेराची होते. सेलसकट शंभर ग्रॅमच्या आसपास ही माझी मर्यादा. १८६५० सेलचेच ४६-४७ ग्रॅम जातात, म्हणजे बॅटरीचं अंग पन्नास-साठ ग्रॅमचं असावं. याहून जाड २१७०० सेल येतो, साधारण ५००० एमएएचचा, पण तो एकटाच सत्तर ग्रॅमच्या आसपास. रात्रभराची शर्यत असेल तर ठीक. उलट दिशेला १४५०० आहे, आकारानं घड्याळाच्या पेन्सिल सेलच्या जोडीतला, वीसएक ग्रॅमचा. पण त्याचा ड्रम जेमतेम सव्वातीन वॅट-अवर. शंभर लुमेननं तीन तास. तासाभराच्या पहाटेच्या फेरीला तो पुरतो आणि हातात काही आहे हे विसरायला होतं. मी रोजच्याला तो आणि रविवारी १८६५० नेतो.

घामानं हात ओला असताना ॲल्युमिनियमची नळी साबणाच्या वडीसारखी सटकते. दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं चढवा. पंक्चरवाला फुकट देतो. सोबत आलेली दोरी मनगटात अडकवू नका. झोका घेत ती बॅटरी हाडावर आपटते. त्यापेक्षा शिंप्याकडून रुंद इलॅस्टिकची पट्टी शिवून घ्या, हाताच्या पाठीवरून जाणारी. पडलात तर बोटं मोकळी सुटली पाहिजेत, एवढी सैल.

हात की डोकं?

विचारणारे विचारतातच, की डोक्याला लावायची बॅटरी असताना हातात कशाला? प्रश्न बरोबर आहे. चढावर हात टेकावे लागत असतील, किंवा रात्रभर पळायचं असेल, तर डोक्याचीच घ्या.

पण उजेड डोळ्याजवळून निघाला की गोट्याची सावली गोट्यामागं लपते. आपल्याला दिसतं ते सपाट चित्र. कमरेच्या उंचीवरून उजेड तिरपा येतो, प्रत्येक खड्याची सावली लांब पडते, आणि आमच्या काळ्या बसाल्टच्या वाटेवर, जिथं गोटा आणि खड्डा दोन्ही एकाच रंगाचे, ती सावलीच वाचवते. शिवाय पावसाळ्यात म्हैसमाळला धुकं उतरलं की डोक्यावरचा उजेड धुक्यावर आपटून थेट डोळ्यात येतो. समोर पांढरी चादर. हातातली बॅटरी खाली धरली की धुक्याखालून वाट दिसते. आणि पहिल्या पावसानंतरचे पंखवाले किडे! ते उजेडावर येतात. उजेड कपाळावर असला तर कपाळावर, मग डोळ्यात, मग तोंडात. या एका कारणासाठी जूनमध्ये मी डोक्याला काही बांधत नाही.

कोणता पांढरा?

सगळे एलईडी पांढरे दिसत असले तरी मुळात ते निळे असतात. निळा एलईडी बनवल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून पांढरं दिसतं. थर कसा दिला यावर पांढऱ्याची छटा ठरते, ती केल्विनमध्ये मोजतात. ६५०० म्हणजे निळसर, स्वस्त ट्यूबलाईटसारखा. ४००० ते ५००० म्हणजे सकाळच्या उन्हाजवळचा.

निळसर उजेडात लुमेन जास्त मिळतात म्हणून कंपन्यांना तो आवडतो. पण त्यात तांबडा मुरूम, वाळकं कुसळ आणि वाळकी पानं सगळं राखाडी होतं. आता यात फुरसं हा विषारी साप आणा. मराठवाड्यातल्या खडकाळ माळावर तो आहेच, रात्री हिंडतो, हातभराहून लहान असतो आणि त्याचा मातकट रंग नेमका मुरमात मिसळतो. मला त्याच्यात आणि वाळक्या काटकीत फरक दिसायला हवा, तोही तीन मीटरवर. म्हणून मी ४०००-४५०० केल्विनची बॅटरी घेतो. जोडीला सीआरआय नावाचा आकडा बघतो: रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, शंभरपैकी. सत्तर सर्रास मिळतात, नव्वदच्या वर चांगले. त्यासाठी थोडे लुमेन कमी मिळतात. मिळू देत. (बॅटरी कितीही चांगली असली तरी घोट्याच्या वर येणारे मोजे आणि वाटेच्या मधोमध पळण्याची सवय हे दोन्ही तिच्याहून स्वस्त उपाय आहेत.)

उजेडाचा आकार भिंतीवर तपासा. दोन मीटरवरून मारला की मधला गोल मऊ कडांचा आणि भोवतीचा उजेड रुंद, एकसंध असावा. गोलाच्या कडेला जांभळट कडं किंवा काळी वर्तुळं दिसली तर ती पळताना वाटेवर नाचतात. पुढं मागं ओढून झोत लहानमोठा करायच्या बॅटऱ्या मात्र घेऊच नका. त्या सरकत्या भागातून धूळ आत जाते, आणि धूळ आपल्याकडं काय कमी आहे?

उरलेलं पटापट

उजेड लुकलुकतो का ते मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकले तर ती बॅटरी उजेड कमी करण्यासाठी दिवा भराभर चालू-बंद करते. पळत्या पायांना त्यात तुटक तुटक दिसतं.

पाण्याचं: आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसात पळणार असाल तर ७ किंवा ८.

बटण घामेजल्या अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे. आणि बॅटरीला कुलूप हवं, म्हणजे मागचं झाकण पाव फेरी सैल केलं की ती लागत नाही. कुलूप नसेल तर पिशवीत आपोआप लागते आणि पहाटे साडेतीनला कळतं की रात्रभर चड्डीच्या खिशाला उजेड मिळाला.

आतलं सर्किट उजेड धरून ठेवतं का, हेही विचारा. साध्या सर्किटात सेल उतरेल तसा उजेड उतरतो. चांगल्यात शेवटपर्यंत सारखा राहतो, मग एकदम पडतो. दुसरा प्रकार चांगला, पण तो सूचना फार कमी देतो. म्हणून खिशात दुसरी अंगठ्याएवढी बॅटरी ठेवा. मोबाईल हा पर्याय नाही, तो घरी फोन करायला लागतो.

सेल बाहेर काढता येणारा हवा. आत कायमचा बंद असलेला सेल दोन-तीन वर्षांत दमला की अख्खी बॅटरी फेकावी लागते. चार्जिंगचं भोक युएसबी-सी असेल तर उत्तम, पण काही स्वस्त बॅटऱ्या दोन्हीकडून सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत, एका टोकाला जुनं चपटं युएसबी असलेलीच वायर लागते. बिघाड समजून परत करण्याआधी वायर बदलून बघा.

आणि ऊन. लिथियम सेलला मराठवाड्याचा मे महिना सोसत नाही. गाडीच्या डिकीत किंवा काचेमागं बॅटरी ठेवू नका. तापलेला आणि वर पूर्ण भरलेला सेल सगळ्यात लवकर म्हातारा होतो. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरून कपाटात ठेवा.

घेतल्यावर पहिल्या रात्री एक करा. खोलीत अंधार करून बॅटरी छताकडं तोंड करून मधल्या पायरीवर लावा, शेजारी मोबाईल ठेवून त्यात उजेड मोजायचं ॲप चालू करा. मोबाईल हलवायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. छोटा पंखा लावा, कारण पळताना वारा बॅटरीला गार ठेवतो. ॲपचा आकडा लक्समध्ये बरोबर असेलच असं नाही, पण तो किती टक्क्यांनी पडला हे बरोबर कळतं. मी माझ्या बॅटरीचा असा कागद केला: पाच तास वीस मिनिटं जवळजवळ सपाट रेघ, मग कडा. तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवलाय. बायको म्हणते, मुलांच्या प्रगतिपुस्तकाकडं एवढं बघितलं असतंस तर.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हीच बॅटरी घेऊन पहाटे मुकुंदराजांच्या समाधीच्या बाजूला पळून आलो. परतताना बांधावर तात्या भेटले, माझे चुलते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रातची होती, ते हरभऱ्याला दारं धरून येत होते.

“कामून पळायलास रं रातच्याला? मागं काय लागलंय?” मग हाताकडं बघून, “आन् ही काय, खेळण्यातली बॅटरी का?”

लावून दाखवली. तात्यांनी ती तळहातावर उडवून बघितली. त्यांच्या काळातली तीन सेलची स्टीलची बॅटरी उशाशी घेऊन झोपता यायचं, कुत्रं हाणता यायचं. तिच्यातल्या काचेच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जायची. सेल संपत आले की तात्या ते उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन रात्री काढायचे. मी म्हटलं, खालच्या पायरीवर ही एका चार्जिंगवर अख्खी रात्र काढते, आठवडाभर वापरून बघा.

आठव्या दिवशी फोन आला. उजेड चांगला आहे म्हणाले, वाफ्याच्या टोकापर्यंत पाणी गेलेलं दिसतं, आणि साप लगेच ओळखू येतो. “पर खोरं कोन्या हातानं धरू? दारं मोडताना दोन्ही हात लागतेत. काखंत धरली तर आभाळाकडं उजेड, दातात धरली तर लाळ गळती.”

ते लाटण्याचं मला आधी सुचायला हवं होतं. माझी काटकोनीच होती, पट्टा खणात पडून होता. तो कुरिअरनं पाठवला. आता ती तात्यांच्या फेट्यावर आहे आणि मी नवी शोधतोय.